आईच्या सवतीचा शोध

गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार टाचणी म्हणतो. अंगाने काडी आणि वर गोल गरगरीत डोकं. ही उपमा पहिल्यांदा कुणाला सुचली ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याला सुचली त्याला माझ्या चित्रकलेच्या तासाला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. त्यात हा गृहस्थ दिवसभर ओठांत टाचण्या धरून बसलेला. आपण काही विचारलं तर त्याला आधी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढाव्या लागतात, मनगटावरच्या उशीत टोचाव्या लागतात आणि मग बोलावं लागतं. एवढा खटाटोप करून माणूस फालतू काय बोलणार? हाच नियम सगळ्यांना लावला तर जगातल्या निम्म्या सभा होणारच नाहीत.

माझी त्याची ओळख एका खुर्चीवरून झाली. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी एक आरामखुर्ची भेट दिली होती. ती माझ्याही आधी खचली. मी ती त्याच्या दुकानात नेऊन ठेवली तेव्हा त्याने टाचण्या काढून सांगितलं, "मी फक्त गाड्यांचं करतो."

"मग हिला गाडीच समज," मी म्हटलं. "चार पाय आहेत, चाकं तेवढी पंक्चर आहेत."

तो हसला. तोंडात एक टाचणी राहिली होती, ती खाली पडली. ती शोधायला आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो आणि उठलो तेव्हा आमची मैत्री झालेली होती. तेव्हापासून माझी सकाळ त्याच्या दुकानात जाते. तो मला मास्तर म्हणतो, मी त्याला अरे-तुरे करतो, आणि आमच्यात बोलण्याचं काम बहुतेक मीच बघतो.

दुकान म्हणजे एका अरुंद गल्लीच्या टोकाची लांबट खोली. गल्लीत गाडी शिरत नाही. त्यामुळे गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या या माणसाच्या दुकानात गाडी कधीच येत नाही. गॅरेजवाले नुसत्या सीटा उपटून हातगाडीवर पाठवतात आणि शिवून झाल्या की तशाच घेऊन जातात. पूर्ण गाडी टाचणीला दिसते ती रस्त्याने जाताना, इतरांना दिसते तशी. दुकानात सीटा ओळीने मांडलेल्या असतात. त्यांतल्या एखाद्या सीटवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत चहा प्यायचा. प्रवास होत नाही, पण अपघाताचीही भीती नाही.

त्याच्या कामाची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. तो जुनं कव्हर कधीही फाडून काढत नाही. त्यावरच नवं चढवतो. दुसरे कारागीर कात्री घेऊन जुनं टराटरा काढतात, खाली नवा फोम टाकतात. हा म्हणतो, सीटचा घाट जुन्या कव्हरने धरलेला असतो, तो मोडायचा कशाला? हे त्याच्या उस्तादांनी शिकवलेलं. "कापड थकतं, पण बसणाऱ्याला विसरत नाही," असं ते म्हणायचे म्हणे. माझ्या आरामखुर्चीच्या पोटातही तिचं मूळचं कापड अजून सुखरूप आहे. बसलं की जरा उंच वाटतं. निवृत्तीनंतर माझी तेवढीच उंची वाढली.

टाचणीला एकच व्यसन होतं. रस्त्याने जुन्या घाटाची, गोल दिव्यांची, पाठीला बाक असलेली एखादी गाडी दिसली की तो हातातलं काम टाकून तिच्यामागे जायचा. गाडी थांबली की मागच्या काचेला नाक लावून आत बघायचा. मालक नसला तर बरं. असला तर पंचाईत.

एकदा मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मीही सोबत गेलो होतो. आमच्या मेव्हण्याच्या लग्नात नवरदेवही चमकला नसेल अशा चमकणाऱ्या गाड्या, शेजारी त्यांचे मालक हातात पिवळं फडकं घेऊन उभे. आम्ही एका काळ्या गाडीपाशी आलो आणि मी पाटी वाचेपर्यंत टाचणीचा वरचा अर्धा भाग दिसेनासा झाला. तो मागच्या दारातून आत वाकून सीटची कड उचलत होता.

"अहो! अहो, काय करताय?" मालक धावत आले. "काही हरवलंय का तुमचं?"

"हो," आतून आवाज आला.

"काय हरवलंय?"

"गाडी."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी प्रदर्शनाच्या मंडपाकडे बघितलं. असल्या प्रसंगी मंडपाच्या बांधकामात मला फार रस निर्माण होतो.

परतताना मी त्याला म्हटलं, "अरे, कोणती गाडी? आणि ती मागच्या सीटखाली कशी सापडणार?" त्या दिवशी त्याच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. त्यामुळे तो सगळं बोलला.

त्याचे वडील भाड्याची गाडी चालवायचे. गाडी स्वतःची. रोज सकाळी ते तिला आंघोळ घालायचे, कानाकोपरे पुसायचे, आणि सुरू व्हायला कुरकुर करायला लागली की तिच्या टपावर थाप मारून म्हणायचे, "चला बाईसाहेब." वडिलांचं बोलणं गाडीच्या हॉर्नसारखं, गरज असेल तेव्हाच आणि तेही एकदाच. बाईसाहेबांशी मात्र भरभरून. त्यामुळे टाचणीची आई गाडीला सवत म्हणायची. "आधी तिची आंघोळ, मग माझ्या चहाचं पाणी," असं ती शेजारणींना सांगायची आणि शेजारणी खूश व्हायच्या. सुट्टीच्या दिवशी वडील खाडीवर गळ टाकून बसायचे. त्यांना आयुष्यात एकही मासा मिळाला नाही, पण गळाला बांधायचा तो निळसर तंगूस, नायलॉनचा दोरा, त्यांनी घरभर वापरला. पिशवीचा बंद, छत्रीची काडी, चपलेचा अंगठा, काहीही तुटलं की तंगूस ओवायचा, तीन वेढ्यांची गाठ मारायची आणि टोकाला काडी लावायची. जळून त्याची मण्याएवढी गोळी व्हायची. ती गाठ मग यमाच्या बापाला सुटायची नाही.

टाचणी शिकाऊ होता तेव्हा उस्तादांनी त्याला पहिलं पूर्ण काम दिलं ते वडिलांच्या गाडीचं. मागची सीट. हिरवं रेक्झीन, त्यावर उभ्या शिवणी. पोराने जीव ओतला. इतका ओतला की कापड फळीवर ताणताणून त्याने खडूच्या रेघा मारल्या. फळीवर असेपर्यंत रेघा पट्टीसारख्या सरळ. शिवून झाल्यावर ताण सुटला, कापड आकसलं आणि सगळ्या रेघा एका बाजूला कलल्या, वारा सुटल्यावर गवत कलतं तशा. भरणही एकीकडे जास्त झालं. सीट गाडीत बसली. उस्ताद कपाळाला हात लावून आत गेले. वडिलांनी बघितलं, दार लावलं आणि गाडी घेऊन गेले. एक शब्द नाही.

रोजची गिऱ्हाइकं मात्र गप्प बसणारी नव्हती. त्यांतला एक कोर्टातला कारकून होता. तो म्हणायचा, "या गाडीचं बरं आहे. एका दाराने चढायचं, घसरत घसरत दुसऱ्या दाराने आपोआप उतरायचं." हे टाचणीच्या कानावर आलं.

त्यानंतर वर्षही झालं नसेल, वडील एका संध्याकाळी चालत घरी आले. "दिली," एवढंच म्हणाले. कुणाला, का, काही नाही. पुढे ते एका नाट्यगृहाबाहेर लोकांच्या गाड्या ओळीने लावून घ्यायचं काम करत राहिले. मुलगा बाजारातला पहिल्या नंबरचा कारागीर झाला. त्याच्या हाताबद्दल सगळे बोलले. वडील बोलले नाहीत. आणि मग एक दिवस ते गेले.

"मास्तर," टाचणी म्हणाला, "माझ्या सीटमुळे गाडी विकली असेल का हो?"

"छे! सीटमुळे कुणी गाडी विकतं?"

"गिऱ्हाईक हसायला लागलं की गाडीवाल्याचं मन उडतं. मी बघतो ना रोज." तो थोडा वेळ चालला. "एकदा ती सीट बघितली की कळेल. माझ्या कव्हरवर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून नवं करून घेतलं असेल, तर समजायचं त्यांना लाज वाटली. तसंच ठेवलं असेल, तर नाही."

"आईला विचार की."

"विचारलं. म्हणते, माणसं जातात, गाडीचं काय घेऊन बसलास. सवतीचं नाव काढलेलं तिला आवडत नाही."

 

शोध त्याने कमी केला नव्हता. वडिलांनी गाडी एका कापडाच्या व्यापाऱ्याला दिली होती. व्यापारी वारला, मुलांनी ती कुणा परजिल्ह्यातल्या माणसाला विकली, तिथे नंबर बदलला आणि धागा तुटला. मग याने गावातल्या यच्चयावत मिस्त्रींना विचारलं. पण विचारायचं कसं? "तिरक्या शिवणीची हिरवी मागची सीट असलेली गाडी पाहिलीत का?" मिस्त्री बिचारे गाडीकडे इंजिनाच्या बाजूने बघणारे. सीटकडे ते फक्त जेवणाचा डबा ठेवायला बघतात. माणूस आपल्या धंद्याच्या खिडकीतूनच जग बघतो. मी नाही का, लोकांच्या चेहऱ्यांकडे बघून मनात नाकं दुरुस्त करत असतो.

प्रदर्शनानंतर काही दिवसांनी आम्ही गल्लीच्या तोंडाशी चहा पीत होतो. सोबत गाड्यांना रंग मारणारा रंगवाला होता. त्याचं गॅरेज पलीकडच्या रस्त्यावर, रोज संध्याकाळी तो तिथे चहाला येतो. नखांपासून भुवयांपर्यंत त्या दिवशीच्या गाडीचा रंग अंगावर. आज जांभळा होता. मी सहज टाचणीला विचारलं, "तुझ्या वडिलांच्या गाडीचा रंग कोणता होता रे? सीटचा सांगितलास, गाडीचा नाही सांगितला."

"निळा-हिरवा. होडीचा."

"होडीसारखा?"

"होडीसारखा नाही, होडीचाच. बाबांच्या खाडीवरच्या मित्राने होडी रंगवली, डबा उरला. तो बाबांनी गाडीला मारला. फुकटात."

रंगवाल्याने कप खाली ठेवला. "ब्रशने मारला होता?"

"हो. का?"

"जाड? गोंदासारखा? खरवडला तर वाटीभर निघेल असा?"

"अरे, का पण?"

"का म्हणून काय विचारतोस! माझे हात गेले ना त्यात!" रंगवाला ओरडला. "दोन पोरं पळून गेली माझी. वरचा लाल काढला, खालचा राखाडी काढला, त्याच्याखाली हे होडीचं भूत! पाण्यात बुडू नये म्हणून मारतात तो रंग गाडीला मारलेला. मी म्हटलं, मालक कोण आहे की नावाडी आहे?"

टाचणी उभा राहिला. "कुणाची गाडी? कधी?"

"नदीपलीकडच्या डॉक्टरीणबाईंची. गुरांच्या डॉक्टर आहेत बघ, त्यांची. झाली की चारेक वर्षं. सायीच्या रंगाची करून दिली मी." मग रंगवाल्याने टाचणीकडे नीट बघितलं. "अरे येड्या, सीटा तुझ्याकडेच पाठवल्या होत्या की! तूच शिवल्यास."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत कितीदा ऐकली होती. पण कळसा काखेत नुसता नव्हता, या माणसाने तो स्वतः घासून, पुसून, वर झाकण लावून परत पाठवला होता. मला हसू येत होतं. टाचणीकडे बघितलं आणि ते गिळलं. तो स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत होता.

"तपकिरी पट्ट्यांचं कव्हर होतं वर," तो हळू म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं तरी काम. मी त्यावर शिवलं. फाडलं नाही."

म्हणजे खाली काय होतं ते त्याने बघितलंच नव्हतं. आणि तपकिरी कव्हर कुणी घातलं, वडिलांनी की नंतरच्या मालकाने, हा प्रश्न आता जिवंत होऊन समोर उभा राहिला. सापडेपर्यंत निदान आशा होती. सापडल्यावर भीती सुरू झाली. तो लगेच निघेल असं मला वाटलं होतं. पण त्या आठवड्यात त्याने नदीचं नाव काढलं नाही. शेवटी मीच त्याला रिक्षात घातलं.

डॉक्टरीणबाई अंगणात एका बकरीचा खूर कापत होत्या. धिप्पाड, केस आखूड कापलेले, आवाज रस्ता ओलांडणारा. झाडाखाली सायीच्या रंगाची गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर एक म्हातारा कुत्रा भाडं ठरवून बसल्यासारखा बसला होता.

"गाडी विकायची नाही," आम्ही तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या. "दर महिन्याला कुणीतरी येतं."

"विकत नकोय बाई," टाचणी म्हणाला. "मागची सीट उसवायची आहे."

बाईंनी बकरीचा पाय सोडला. "उसवायची? एवढी छान शिवलेली? डोकं ठिकाणावर आहे का? कुणी शिवलीय माहीत आहे का ती? बाजारात एक टाचणी म्हणून कारागीर आहे…"

"मीच तो."

"मग तुम्हीच शिवलेलं तुम्हीच का उसवताय?"

"त्याच्या खाली कुणीतरी शिवलंय, ते बघायचंय."

"कुणी?"

"त्याच्याही खाली मीच."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही याचे कोण?"

"मास्तर," मी म्हटलं. "पण हे मी शिकवलेलं नाही."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. टाचणीला जमलं नसतं. बाई ऐकत होत्या, बकरी ऐकत होती. ऐकून झाल्यावर बाईंनी हात धुतले, कुत्र्याला म्हणाल्या, "उठ रे बाळा, तपासणी आहे," आणि सीट स्वतः उचलून पडवीत आणून ठेवली.

जुनं कधी न फाडणारा माणूस पहिल्यांदा उसवायला बसला. कात्री नाही, एक बारीक पातं. एकेक टाका अलगद कापत गेला, जखमेचे टाके काढतात तसा. डॉक्टरीणबाई शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी एकदा सवयीने "दुखतंय का?" असंही विचारलं.

त्याचं स्वतःचं कव्हर निघालं. त्याखाली एके ठिकाणी त्याने कापसाचा पातळ थर बसवलेला होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"इथे हाताला काहीतरी लागत होतं. बारीक, खड्यासारखं. बसणाऱ्याला टोचू नये म्हणून घातला होता."

मग तपकिरी. त्याची शिवण त्याने डोळे बारीक करून बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. "चांगला हात आहे," तो म्हणाला. "महागातला कारागीर." कुणाही कारागिराने दुसऱ्याची स्तुती इतक्या दुःखाने केलेली मी ऐकलेली नाही. तो थांबला. त्याला पुढे जायचं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आपला जाडजूड हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि गाय विताना बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "आता अर्ध्यावर सोडायचं नाही."

तपकिरी उलटलं. खाली हिरवं होतं. त्या कललेल्या रेघा. मी आयुष्यभर पोरांच्या वाकड्या रेघा पाहिल्या, पण इतक्या एकमताने वाकड्या झालेल्या रेघा पहिल्यांदाच पाहिल्या. आणि त्यांतली मधली रेघ मधोमध उसवलेली होती. उसवलेली म्हणजे, कधीतरी उसवली होती. आता ती निळसर तंगुसाने पुन्हा शिवलेली होती. टाके मोठे, ओबडधोबड, कुठे दोन एकाच भोकातून, कुठे मध्येच अंतर. एखाद्याने पोतं शिवावं तसे. शेवटी तीन वेढ्यांची गाठ आणि तिच्या टोकाला जळलेली, मण्याएवढी गोळी.

टाचणीने त्या गोळीवर बोट ठेवलं. याच जागी त्याने कापूस घातला होता.

तंगूस बसणाऱ्यांच्या वजनाने चपटा झाला होता, घासून गुळगुळीत, वर मळ चढलेला. शिवल्यानंतर, वर दुसरं कव्हर नसताना, त्या सीटवर किती माणसं बसून गेली असतील. तपकिरी नंतरचं होतं. कुणीतरी नंतर घातलेलं.

टाचणीचा हात ओठांकडे गेला, बोलण्याआधी टाचण्या काढायला. ओठांत काहीच नव्हतं. त्याने हात तसाच तोंडावर ठेवला. बाई उठून बकरीकडे गेल्या आणि मघाशी कापलेला खूर पुन्हा एकदा बघू लागल्या. मी कुत्र्याचं नाक मनात दुरुस्त करत राहिलो.

थोड्या वेळाने बाईच म्हणाल्या, "तुमच्या आईंना दाखवायची का? तशीच घालू सीट, उघडी. मी घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायीच्या रंगाची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. टाचणीची आई काठी टेकत आली. ही बाई म्हणजे टाचणीचं मूळ चित्र, फक्त डोक्यावर पांढरा अंबाडा. तिने गाडीला एक फेरी घातली. टपावर हात फिरवला.

"हीच का?" ती म्हणाली. "रंग उजळलाय की! सवतींचं असंच असतं. आपण वाळतो, त्या गोऱ्या होतात."

"आई, आत बस ना," टाचणी म्हणाला.

"पुढे?"

"नाही, मागे."

"मागे कधी बसले नव्हते बाई मी. मागे गिऱ्हाईक," असं म्हणत ती आत शिरली. कुत्रा सरकला. तिने सीटकडे बघितलं नाही, नुसता तळवा फिरवला, पीठ मळताना परातीत फिरवतात तसा. तो त्या गोळीपाशी थांबला.

"अजून आहे!" ती म्हणाली. "माझ्या सगळ्या सुया मोडल्या हो यांनी. शेवटी मी पोती शिवायची दाभण आणून दिली. अख्खी दुपार हे गाडीत उकडून निघाले."

टाचणी दारात वाकून उभा होता. "तुला माहीत होतं?"

"मी नाही तर कोण, डॉक्टरीणबाई? मी म्हटलं, अहो, उस्तादांकडे न्या, दोन मिनिटांत करून देतील. तर म्हणाले, तिथे नेली की पोराला कळेल शिवण उसवली ते. त्याचा हात आत्ता कुठे बसतोय. उगाच बिचकेल."

"मग गाडी का विकली?"

"गुडघा! डावा गुडघा. क्लच दाबला की डोळ्यांत पाणी यायचं यांच्या. पण सांगतील तर शपथ. विकली म्हणजे विकली."

"अगं आई," टाचणीचा आवाज चिरकला, "इतकी वर्षं मी तुला विचारत होतो!"

"गाडी कुठे गेली हे विचारत होतास. मला काय माहीत कुठे गेली? सीटचं कधी विचारलंस?"

"पण तूच का नाही सांगितलंस?"

म्हातारी चकित झाली. "हे म्हणाले होते ना, पोराला सांगू नको." तिने गोळीवरून पुन्हा अंगठा फिरवला. "आता सांग, असं म्हणायचं राहूनच गेलं त्यांचं."

डॉक्टरीणबाईंनी गाडी सुरू केली. गाडीने कुरकुर केली. टाचणीने पुढे होऊन टपावर थाप मारली. जे म्हणायचं ते तो म्हणाला, पण इतक्या हळू की ते गाडीलाच ऐकू गेलं असेल. ती सुरू झाली. आई मागे, कुत्र्याशेजारी, गिऱ्हाइकासारखी ऐटीत बसून नदीपर्यंत एक फेरी मारून आली.

ती सीट पुढच्या आठवड्यात हातगाडीवरून दुकानात आली. त्याने हिरव्याला हात लावला नाही, तपकिरीही त्यावर तसंच चढवलं, आणि वर आपलं कव्हर पुन्हा शिवलं, पहिल्यासारखंच सुबक. मी शेजारच्या बिनचाकाच्या सीटवर बसून बघत होतो. कापसाचा तो पातळ थर मात्र त्याने बाजूला काढून ठेवला.

महिन्याभराने डॉक्टरीणबाई गल्लीच्या तोंडाशी भेटल्या. "काय हो टाचणी," त्या सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्या शिवणीत काहीतरी टोचतं हल्ली, बरोबर मधोमध!"

टाचणीच्या ओठांत टाचण्या होत्या. एरवी त्याने त्या काढून उशीत टोचल्या असत्या आणि गिऱ्हाइकाची क्षमा मागितली असती. त्याने नुसती मान डोलावली.

"असू दे," बाई म्हणाल्या. "कुत्र्याची तक्रार नाही."